चहातून द्यायचं औषध नसतं

जालन्याहून अंबडकडे निघा नाहीतर मंठ्याकडे, रस्त्याकडेच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर एक चिकटवलेला कागद हमखास दिसतो: ‘न सांगता दारू सोडवा’. खाली मोबाइल नंबर. फोन केला की कुरिअरनं पुड्या येतात. आत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. सूचना तेवढी असते: चहातून द्या, वरणातून द्या, त्यांना कळू देऊ नका.

सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीतही हीच मागणी होते. “साहेब, मालकाला कळू न देता देता येईल असं काही नाही का?” विचारणारीवर चिडायचं कारण नाही. घरातला माणूस ऐकत नाही, सासू म्हणते तूच काहीतरी कर, पोरांच्या फीचे पैसे देशीच्या दुकानात गेलेले, आणि डोळ्यांसमोर भिंतीवरचा तो नंबर. तरीही उत्तर ‘नाही’ असंच आहे. का नाही, ते पुढे येईल. त्याआधी दुसरी, जास्त कामाची गोष्ट: दारूवर आणि अफूच्या जातीच्या नशेवर खरी, तपासलेली, पाकिटावर नाव छापलेली औषधं आहेत. त्यातली काही सत्तर वर्षांपासून वापरात आहेत. दारूवरची बहुतेक जालन्यातल्या मोठ्या मेडिकलमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू शकतात. पण ती माणसांपर्यंत पोचतच नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रानं २०१८ मध्ये देशभर पाहणी केली आणि पुढच्या वर्षी अहवाल दिला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ शपथा, पुड्या, मारहाण आणि नशीब यांच्यावर सोडलेले.

सगळ्यात आधी एक फरक डोक्यात पक्का करा. पिणं थांबवणं हे एक काम आहे आणि थांबल्यावर पुन्हा न पिणं हे दुसरं. दोन्हींची औषधं वेगळी, मुदत वेगळी, धोके वेगळे. आपल्याकडचा निम्मा गोंधळ या दोन्हींची सरमिसळ केल्यानं होतो. पाच दिवस सलाईन लावून माणूस घरी आला की घरच्यांना वाटतं उपचार झाला. खरं तर तो तिथून सुरू व्हायला हवा.

पहिले चार दिवस

रोज पिणारा माणूस राजूरच्या गणपतीपुढे नारळ फोडून शपथ घेतो, किंवा गळ्यात माळ घालतो, आणि त्या क्षणापासून बंद. घरात आनंद. सहा-आठ तासांत हात लटलट कापायला लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, आयुष्यात कधी आली नसली तरी. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांची अवस्था फार बिघडते. ताप, छातीत धडधड, दिवस-रात्रीचं भान नाही, अंथरुणावर मुंग्या नाहीतर झुरळं चालताना दिसतात. स्टीलच्या मिलमध्ये काम करणारा माणूस खाटेवर पडल्या पडल्या हवेत सळई ओढत असतो. ड्रायव्हर असेल तर गिअर टाकतो. माणसाचा हात त्याच्या रोजच्या कामाच्या हालचाली करत राहतो आणि त्याला बायको ओळखू येत नाही.

हे बघून घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. जाफराबाद, भोकरदनकडचे लोक मग शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सैलानीला नेतात. कुणाच्या श्रद्धेवर बोलायचं नाही. पण या दुखण्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, त्यात उपचार न मिळालेला माणूस दगावू शकतो, आणि वेळ हातात थोडा असतो. आधी १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालय, मग दर्गा असो की मठ.

या टप्प्यावर दिली जाणारी औषधं बेन्झोडायझेपिन गटातली असतात. साधारणपणे क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत खराब असेल तर लोराझेपाम. दारू गेल्यानं मेंदू जो एकदम भडकतो त्याला ती शांत ठेवतात. पहिल्या दिवशी डोस जास्त, मग रोज थोडा कमी करत आठवड्याभरात बंद. हा उतार डॉक्टरांनी चिठ्ठीवर तारखेनुसार लिहून द्यायला हवा, आणि गोळ्या पेशंटच्या उशाशी ठेवू नयेत. घरातल्या एकानं त्या आपल्याकडे ठेवून हातानं द्याव्यात. त्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावण्याचा धोका आहे. आठवडा संपल्यावर “झोप येत नाही” म्हणून त्याच गोळ्या महिनोन् महिने चालू राहिल्या, तर एक व्यसन जाऊन दुसरं घरात आलं समजा. या दिवसांत भट्टीवर, क्रेनवर, ट्रॅक्टरवर जायचं नाही. गोळीची गुंगी आणि वितळलेलं लोखंड यांची गाठ पडू देऊ नये.

दुसरं औषध साधं आणि स्वस्त: थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. जास्त पिणारा माणूस नीट जेवत नाही, शरीरात थायमिन उरलेलं नसतं, आणि अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चालताना तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, स्मरण जातं. गावातल्या डॉक्टरांकडे “दोन बाटल्या लावून द्या” म्हणून जाणाऱ्यांनी एवढं जरूर विचारावं, “साहेब, थायमिनचं इंजेक्शन आधी दिलं का?” विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. रागावलं तर दवाखाना बदला.

घरी राहून थांबवता येतं का? काहींना येतं. पण आधी कधी फीट आलेली असेल, पूर्वी थांबवताना भास झाले असतील, कावीळ असेल, पोटात पाणी झालं असेल, वय झालं असेल, घरी लक्ष द्यायला कुणी नसेल किंवा रोजचं प्रमाण फार असेल, तर भरतीच व्हावं. प्रमाण सांगताना लाजू नका आणि कमीही सांगू नका. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक माप धरते, म्हणजे एक क्वार्टर सहा माप. “साहेब, एखादीच घेतो” याचा अर्थ डॉक्टरांना लावता यावा यासाठी हे गणित. हातभट्टीचं तर काहीच सांगता येत नाही. डबडं किती मोठं आणि दिवसातून किती वेळा, ते सांगा.

दारूचा पुरवठा अचानक तुटला की काय होतं ते एप्रिल २०२१ च्या टाळेबंदीत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीनं पाहिलं. दुकानं बंद होती. हँड सॅनिटायझर प्यायल्यानं तिथं सात जण मेले. गावात बाटली आडवी करण्याचं आंदोलन करणाऱ्या बायांबद्दल मला आदर आहे, पण दुकान बंद होण्याच्या आधी गावातल्या रोज पिणाऱ्यांची यादी घेऊन आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात जाण्याचं कामही त्याच आंदोलनाचं आहे.

थांबल्यानंतरचं वर्ष

आता खरं औषध सुरू होतं. प्रामुख्यानं तीन नावं लक्षात ठेवा: नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम.

नाल्ट्रेक्सोन दिवसाला एकदा, बहुधा ५० मिलिग्रॅम. दारू प्यायल्यावर मेंदूत जे सुखाचं रसायन सुटतं त्याची जागाच हे अडवतं. प्यायला तरी ‘किक’ येत नाही, आणि एकावर थांबणं सोपं जातं. त्यामुळे माणूस पूर्ण थांबलेला नसतानाही हे सुरू करता येतं. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होते, जेवणानंतर घेतलं तर कमी. यकृताची तपासणी आधी हवी; तीव्र कावीळ असेल तर देत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलसारखी गोळी चालू असेल तर नाल्ट्रेक्सोन चालत नाही, माणूस तासाभरात बेजार होतो. हे औषध घेणाऱ्यानं पाकिटात चिठ्ठी ठेवावी. मोटरसायकलवरून पडून फ्रॅक्चर झालं तर दवाखान्यातली मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं नेहमीसारखी लागू पडणार नाहीत, हे तिथल्या डॉक्टरांना माहीत पाहिजे.

अकॅम्प्रोसेट थांबल्यानंतर सुरू करतात. दारू सुटलेल्या मेंदूची आतली तगमग, बेचैनी, उगाच होणारी चिडचिड ते कमी करतं. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या तीन वेळा, म्हणजे दिवसाला सहा. वजन कमी असेल तर चार. पाळीत काम करणाऱ्याला दुपारचा डोस सांभाळणं अवघड जातं, तेव्हा डब्यातच गोळ्या ठेवायची सवय लावावी. हे यकृतावर भार टाकत नाही, मूत्रपिंडातून बाहेर पडतं. म्हणून क्रिएटिनिन तपासून घेतात. काहींना जुलाब होतात, ते थांबतात.

यांचा उपयोग किती? २०१४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात हजारो पेशंटांच्या अनेक चाचण्या एकत्र करून हिशोब मांडला गेला. अकॅम्प्रोसेट दिलेल्या दर १२ जणांमागे एक जण, एरवी पुन्हा पिऊ लागला असता तो, न पिता राहिला. नाल्ट्रेक्सोनच्या बाबतीत भरमसाट पिण्याकडे परतणं टळण्याचा हिशोबही दर १२ जणांमागे एक असाच निघाला. हे आकडे लहान वाटतील. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांवर आयुष्यभर ज्या गोळ्या आपण निमूट गिळतो त्यांतल्या कित्येकांचे आकडे याहून बरे नाहीत. जादू म्हणून विकत घ्यायला गेलात तर निराश व्हाल. सहा महिने ते वर्षभर नियमित घ्यायचं औषध म्हणून घेतलंत तर उपयोग दिसेल.

यकृत सुकलेलं असेल, म्हणजे सिरॉसिस, तर डॉक्टर बॅक्लोफेनचा विचार करतात. मुळात स्नायूंच्या आखडलेपणावरचं औषध. गुंगी आणतं, आणि एकदम बंद करायचं नसतं. त्यावर जास्त लिहीत नाही, कारण ते लिव्हरवाल्या डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायचं आहे.

भिंतीवरच्या जाहिरातीमागची गोळी

डायसल्फिराम दारूची ओढ कमी करत नाही. दारू शरीरात मोडताना आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य बनतं आणि लगेच पुढे मोडून जातं. ही गोळी तो पुढचा टप्पा बंद करते. मग प्यायल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, डोकं फुटतं, उलट्या सुरू होतात, रक्तदाब घसरतो. अमेरिकेतल्या रबर कारखान्याच्या एका डॉक्टरांनी १९३७ मध्येच नोंदवलं होतं की या जातीच्या रसायनाशी काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी होते. पुढे कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी जंतांवरचं औषध म्हणून हे स्वतःवर तपासलं, थोडी दारू घेतली आणि त्यांचीही तीच गत झाली. १९४८ पासून ते दारूवरचं औषध झालं.

पुडीत नक्की काय असतं ते कुणी सांगू शकत नाही, पण गुपचूप द्यायला सांगितलं जातं तेव्हा डॉक्टरांना पहिला संशय डायसल्फिरामचाच येतो. आता विचार करा. नवऱ्याला माहीत नाही. तो संध्याकाळी नेहमीसारखा क्वार्टर मारतो. रक्तदाब कोसळतो, छातीत दुखतं. हृदयविकार असेल तर जीव जाऊ शकतो, आणि गेलेले आहेत. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना कारण सापडत नाही, कारण सांगणारी भीतीनं गप्प बसलेली असते. नाही मेला, तर दुसऱ्या दिवशी त्याला कळतं की आपल्या घरचा चहा आपल्याविरुद्ध आहे. त्यानंतर तो घरचं जेवायचं बंद करतो आणि पिणं वाढवतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जमुळे येणारे विकारही मानसिक आजारात धरले आहेत, आणि समज शाबूत असलेल्या प्रौढ माणसाला माहिती न देता, संमती न घेता उपचार करता येत नाही.

गंमत अशी की हेच औषध त्याच बायकोच्या हातून, त्याच चहाच्या वेळी, पण त्याला सांगून दिलं तर फार चांगलं काम करतं. मुंबईच्या अविनाश डिसूझा आणि अ‍ॅलन डिसूझा या मानसोपचारतज्ज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत वाचण्यासारखा आहे. १०० पुरुष, वर्षभराचा उपचार, निम्म्यांना डायसल्फिराम, निम्म्यांना नाल्ट्रेक्सोन. अट अशी की घरातलं कुणीतरी गोळीकडे लक्ष ठेवणार. वर्षाअखेरी डायसल्फिरामवाल्यांतले ८६ टक्के न पिता टिकले, नाल्ट्रेक्सोनवाल्यांतले ४४ टक्के. ओढ मात्र नाल्ट्रेक्सोन गटात कमी होती. कुणाला कोणतं औषध चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मागे घर भक्कम होतं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे कुणाला लागू करू नयेत. तरी आपल्याकडे कुटुंब नावाची जी गोष्ट शिल्लक आहे तिचा औषधात वापर करता येतो, हे त्यातून दिसतं.

करायचं ते असं. शेवटच्या पेगनंतर निदान चोवीस तास गेल्यावर, डॉक्टरांनी हृदय, यकृत आणि मनाची अवस्था तपासून गोळी सुरू केली, की रोज सकाळी दात घासून झाल्यावर त्यानं ती बायकोसमोर, आईसमोर किंवा भावासमोर घ्यायची. देणाऱ्यानं टोमणा मारायचा नाही, “घ्या, परत ढोसायचीय ना” असलं काही नाही. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो, म्हणून “आज लग्न आहे, आज नको गोळी” ही युक्ती चालत नाही. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं. द्राक्षासव, अशोकारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं असतंच. होमिओपॅथीचे अर्क आणि दाढीनंतरचं लोशनही टाळा. जुलाबावर नेहमी दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल याच्याबरोबर नको. टीबीचे उपचार चालू असतील तर दोन्ही डॉक्टरांना सांगा, कारण आयसोनियाझिड आणि डायसल्फिराम एकत्र आल्यावर तोल जाणं, भ्रम होणं असे त्रास होतात. आपल्याकडे दारू आणि टीबी एका घरात पुष्कळदा भेटतात.

आणि तो तयारच नसेल तर? त्याच्याशी सकाळी बोला, उतरलेली असताना. संध्याकाळची भांडणं कुणाच्याच कामाची नसतात. “लिव्हर तपासून घेऊ, डॉक्टर काय म्हणतात ते दोघं मिळून ऐकू” इतकंच मागा. गाडीवरून पडल्यावर, रक्ताची उलटी झाल्यावर, पोरीनं काही बोलून दाखवल्यावर दोन-तीन दिवस माणूस ऐकायच्या मनःस्थितीत असतो. ते दिवस वाया घालवू नका. तरीही आला नाही तर तुम्ही एकट्या जा. समुपदेशकांकडे कुटुंबाला एकटं येता येतं, हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं.

गोळ्या, सिरप आणि ‘बटन’

मराठवाड्यात नशेच्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. ही बहुतेक वेळा नायट्राझेपामसारखी झोपेची गोळी असते. तिच्या शेजारीच, त्याच पोरांच्या खिशात, ट्रॅमाडॉल नाहीतर कोडीनचं खोकल्याचं सिरप असतं. आईबापांना दोन्ही एकच वाटतात. डॉक्टरांसाठी ही दोन वेगळी जगं आहेत.

‘बटन’ एकदम बंद केलं तर दारूसारखीच फीट येऊ शकते. ते आठवड्यांच्या हिशोबानं, मोजून कमी करावं लागतं. पोराला खोलीत कोंडून गोळ्या संडासात टाकणारे वडील नकळत त्याच्या जिवाशी खेळतात.

ट्रॅमाडॉल, कोडीन, ब्राउन शुगर, ट्रकवाल्यांची डोड्याची भुक्की हे सगळे अफूचे नातेवाईक. सरकारनं एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं. यांचं थांबणं फार वाईट असतं: जांभयांवर जांभया, डोळ्यांतून-नाकातून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, पायांना चैन नाही. पण अंगात दुसरा आजार नसेल तर त्यानं सहसा माणूस मरत नाही. ट्रॅमाडॉल तेवढं वेगळं, त्यानं फीट येऊ शकते. अफूवाल्याचा खरा धोका उलट्या बाजूला आहे. महिनाभर बंद राहून शरीराची सवय मोडते, आणि केंद्रातून बाहेर आल्यावर पोरगा जुनाच डोस घेतो. तेव्हा श्वास थांबतो. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ओठ निळे, घोरल्यासारखा आवाज, हलवलं तरी उठत नाही, असं दिसलं तर कुशीवर वळवा, १०८ बोलवा, श्वास थांबला असेल तर तोंडानं श्वास द्या. दवाखान्यात नालोक्झोनचं इंजेक्शन मिळालं तर माणूस परत येतो.

अशा पेशंटला मुख्य औषध बुप्रेनॉर्फिन. ते स्वतःच अफूच्या जातीचं आहे, पण अर्धवट काम करणारं. ओढ आणि थरथर थांबवतं, नशा मात्र नाहीच म्हणावी इतपतच चढवतं. भारतात नालोक्झोन मिसळलेली गोळी वापरतात, म्हणजे विरघळवून सुईनं टोचायला गेलं तर त्रास व्हावा. २००५ पासून बुप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. भारतात एड्स नियंत्रण कार्यक्रमातून सुईनं नशा करणाऱ्यांना ती केंद्रावर समोर बसवून देतात. मेथाडोनची सोय अजून मोजक्याच ठिकाणी आहे.

पहिली गोळी कधी घ्यायची, हे इथं सगळ्यात महत्त्वाचं. जांभया, काटा, मुरडा सुरू झाल्यावरच, म्हणजे शेवटच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी. घाई केली तर औषध आधीची नशा ढकलून बाहेर काढतं आणि त्रास दहापट होतो. गोळी जिभेखाली ठेवायची, दहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायची नाही. गिळली तर पोटात गेल्यावर उपयोग फारसा होत नाही. विरघळल्यावर पाण्यानं चूळ भरा, ब्रश तासाभरानं करा, नाहीतर दात किडतात. त्यावर ‘बटन’ किंवा दारू घेतली तर श्वास थांबू शकतो, म्हणून डॉक्टरांपासून ‘बटन’ लपवू नका.

“एक नशा सोडून दुसरी लावली” हा आक्षेप मी सज्जन माणसांच्या तोंडून ऐकलेला आहे. फ्रान्सनं १९९५ नंतर साध्या डॉक्टरांनाही बुप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली. पुढच्या चार वर्षांत तिथले अतिमात्रेचे मृत्यू जवळजवळ चार पंचमांशानं घटले. रोज सकाळी कामाला जाणारा, पगार घरी आणणारा आणि जिभेखाली एक गोळी ठेवणारा मुलगा मला चालेल. महिनाभर ‘शुद्ध’ राहून मेलेला चालणार नाही. कधी थांबवायचं ते वर्षांच्या हिशोबात, डॉक्टरांबरोबर ठरवा. गरोदर बाईनं तर अफूची कुठलीही गोळी मनानं बंद करू नये. नाल्ट्रेक्सोन इथंही वापरतात, पण सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे गेल्यावरच.

पुण्यात अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेही ब्राउन शुगरनं पोरं मरू लागली तेव्हा, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. तिथं होणारं, माणसाला पुन्हा माणसांत बसवण्याचं काम औषधानं होत नाही. औषध त्याला तिथं बसण्याइतकं स्थिर करतं.

जालन्यात कुठं जायचं

जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग हे पहिलं दार. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्यानं चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात जालना आहे. दारू हा त्या समुपदेशकांचा रोजचा विषय. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. गुंतागुंतीच्या पेशंटला साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. बुप्रेनॉर्फिनची सोय जवळ कुठं आहे ते तिथंच विचारा. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय ती पुढे केली तर घेऊ नका. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस १४४१६, आणि नशामुक्तीसाठी १४४४६. दोन्ही मोफत.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, शुगरच्या, बीपीच्या, टीबीच्या, वैद्यांच्या, आणि भिंतीवरच्या नंबरावरून आलेल्या पुडीसकट. तिच्याबद्दल लाजू नका, डॉक्टरांना ती बघायचीच आहे.

खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणार असाल तर आधी चार गोष्टी विचारा. नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, कोणती औषधं देणार ते लिहून देणार का, आणि आम्ही कधीही भेटू शकतो का. “महिनाभर भेटायचं नाही” असं म्हणणाऱ्याकडून पेशंट परत आणा. साखळीनं बांधणं २०१७ च्या कायद्यानं स्पष्ट बंद केलेलं आहे, कुणी कितीही ‘शिस्तीचा भाग’ म्हणालं तरी.

घनसावंगी, परतूर, मंठा भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी एक वेगळी सूचना. दिवाळीच्या आसपास कोयते निघतात आणि उन्हाळ्यात परततात. उपचार बरोबर त्याच महिन्यांत तुटतो, आणि फडात तर संध्याकाळी बाटली दारात येते. निघायच्या आधी डॉक्टरांना जाण्याची तारीख आणि कारखान्याचं गाव सांगा. जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागा आणि चिठ्ठीची एक झेरॉक्स बायकोकडे, एक मुकादमाकडे द्या. मुकादमाला सांगण्यात कमीपणा नाही. उचल वसूल व्हायची असेल तर माणूस फडात उभा राहणं त्यालाही हवंच असतं. कारखान्याच्या गावचं ग्रामीण रुग्णालय ती चिठ्ठी बघून गोळ्या लिहून देऊ शकतं. मधे आठ दिवस गोळ्या चुकल्या आणि एखाद्या रात्री प्यायला गेली, तर टोळी सोडून पळून यायची किंवा “आता काय उपयोग” म्हणून पाकीट फेकायची गरज नाही. डायसल्फिरामवर असेल तर पुढची गोळी थांबवा, आणि त्रास होत असेल तर लगेच दवाखाना. नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट असेल तर बहुधा दुसऱ्या दिवसापासून तेच पुढे चालू ठेवायला सांगतात, पण आधी १४४१६ वर विचारून घ्या. फोनवर मराठीत बोलतात.